घड फिरवायचा नाही

माझं डोकं दुखायला लागलं की आमच्या घरात भांडीसुद्धा दबकून वाजायची. मानेच्या मुळाशी, उजव्या बाजूला, एक कळ निघायची. ती कानामागून वर चढायची आणि उजव्या डोळ्याच्या मागे जाऊन बसायची. तिथे तिचा दोन दोन दिवस मुक्काम असायचा. उजेड नको, बोलणं नको, चहाचा वास नको. मी मुळातच तोंडाची तिखट, त्यात हे दुखणं, म्हणजे समोर येईल त्याची धडगत नसायची. आमचे मालक चांगदेव त्या दिवसांत भाकरी बांधून मळ्यात जायचे आणि दिवस मावळेपर्यंत घराकडे फिरकायचे नाहीत.

नऊ वर्षं हे चाललं. सगळे म्हणाले, अर्धशिशी. अर्धशिशीवर आमच्याकडे एक ठरलेला उपाय आहे. दिवस उगवायच्या आत, कुणाशी एक शब्द न बोलता, जिलेबी खायची. मालक आदल्या संध्याकाळी नारायणगावहून पाव किलो जिलेबी आणून ठेवायचे. मी पहाटे उठून दोन वेढे कसेबसे गिळायची, उरलेली तेच संपवायचे. दोन वर्षांत माझं डोकं होतं तिथेच राहिलं आणि ह्यांच्या शर्टाची बटणं मात्र लागेनाशी झाली. मग नाकात तूप सोडून झालं. चष्मा दोनदा बदलून झाला. पुण्याला नेऊन डोक्याचा फोटो काढला, त्यात काही म्हणजे काही निघालं नाही. घरच्यांनी हुश्श केलं. मला मात्र गाडीत बसल्यावर रडू आलं. काही नाही, तर मग दुखतंय काय?

आता बागेचं सांगते. खोडदला आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. सातबारा ह्यांच्या नावावर असेल, बाग माझी आहे. बावीस वर्षांपूर्वी प्रत्येक खड्ड्यात शेणखत मी स्वतः टाकलंय. आमची बाग मांडवाची, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर तारांचं छत, वेल त्यावर पसरतो आणि घड खाली लोंबतात. मणी ज्वारीएवढे झाले की घडातले जास्तीचे मणी नि पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या बारीक फांद्या, कात्रीनं काढून घड मोकळा करायचा. त्याला सगळे थिनिंग म्हणतात. घड दाट राहिला तर मणी एकमेकांना दाबतात, आतून सडतात आणि परदेशात जाणारा माल गावच्या बाजारात फेकून द्यावा लागतो. बागेचं सगळं नशीब त्या वीस-बावीस दिवसांवर असतं, आणि ते दिवस सकाळी आठपासून पाचपर्यंत मान वर करून काढायचे असतात.

त्या कामात मी एक नियम घालून दिला होता: घड फिरवायचा नाही. कोवळ्या मण्याला हात लागला की तो खरचटतो आणि पिकल्यावर त्या जागी डाग दिसतो. म्हणून घड आहे तसा राहू द्यायचा, डाव्या हातानं नुसता देठ धरायचा, उजव्या हातात कात्री, मान मागे टाकून उजवीकडे वळवायची आणि मागची बाजू बघायची. घड नाही, मान फिरवायची. ह्या तऱ्हेनं काम करणाऱ्या बाईच्या घडावर ओरखडा सापडायचा नाही. आसपासचे बागायतदार कामाला बायका सांगताना विचारायचे, "साळुबाईच्या हाताखालच्या हायेत का?" तेव्हा मी दोन दिवस जमिनीवरून चालत नसे.

गेल्या दोन सालांत मात्र थिनिंगला मी मांडवाखाली उभीच राहू शकले नाही. वर बघितलं की कळ. बायका त्यांच्या परीनं करत होत्या, पण मालकीण आत अंधारात पडलेली असली की कात्री कशी चालते ते मला माहीत आहे. घड दाट राहिले, निम्मा माल आतून गेला.

ऑगस्टच्या शेवटी ऋषीनं, आमच्या मुलानं, मला समोर बसवलं. त्याचं नारायणगावात ठिबकच्या पाईपांचं दुकान आहे. तो मोजकं बोलतो, त्यामुळे बोलला की ऐकावं लागतं.

"आई, दसऱ्यानंतर छाटनी येती. त्येच्या आत ठरवू. तुला वर बघता येत आसंल तर बाग ठिऊ. न्हाईतर जेसीबी लावतो आन् काडून टाकतो. टमाटी करू. तिथं खाली बघून काम आसतंय."

"माज्या बागंला जेसीबी लावशील?"

"तुजं हाल बगवत न्हाईत म्हनून लावीन," तो म्हणाला.

ह्या घरात मानांचं शिक्षण घेतलेलं एक माणूस चार वर्षांपासून वावरत होतं, हे मी अजून सांगितलं नाही, कारण मला त्याची लाज वाटते. ऋषीची बायको नूतन, मंचरची. ती फिजिओथेरपिस्ट आहे, वारूळवाडीला तिचा दवाखाना आहे. तो शब्द म्हणायला मला जड जात नव्हता. मी दहावी पास आहे. पण चारचौघींत मी मुद्दाम म्हणायची, "आमची सून चोळती. पाच वर्षं शिकली आन् लोकांच्या माना दाबती." तिनं दोनदा मला विचारलं होतं, "आई, एकदा मान बघू का तुमची?" दुसऱ्यांदा मी म्हटलं होतं, "सासूचा गळा धरायला चांगलं निमित्त शोधलंस." ती हसली होती, पण तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी मी एकटीच बागेत गेले. कुणाला न सांगता बघायचं होतं, आपल्याच्यानं होतंय का. एका वेलाच्या काड्या मोजायच्या, बस. मान वर केली, मोजायला लागले. अकरा, बारा. तेराव्या काडीला डोळ्यासमोर पांढरं झालं आणि मी दगडी खांबाला धरून ओकले. तिथेच खाली बसले. बांधापलीकडे आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना जन्मभर वर बघायचंच काम, आणि मला तेरा काड्या होईनात. मला इतका राग आला की विचारू नका.

नूतन मला शोधत आली. तिनं ओकारी बघितली, माती टाकली, माझ्याशेजारी मातीतच बसली. मग तिनं विचारलं, "आई, दुखायला लागतं ते कुठून? डोळ्यातून की मागून?"

नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डोकं दुखतं म्हटल्यावर सगळे डोक्याकडेच बघत होते.

"मागनं," मी म्हटलं. "मानंतनं."

"नेहमी उजवीकडूनच? बाजू कधी बदलते?"

"न्हाई. कदीच न्हाई."

ती उठली आणि मला हात दिला. त्या दिवशी मी तो धरला.

मला वाटलं होतं, घरी नेऊन आता कडाकडा मान मोडेल, आमचा न्हावी दाढी झाल्यावर मोडतो तशी. तिनं आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, बोलताना जीभ अडखळते का, हातापायाला मुंग्या येतात का. पुण्याचा रिपोर्ट पुन्हा वाचला. रक्तदाब मोजला. मी म्हटलं, "दाबायचंय तर दाब की." ती म्हणाली, "मानेच्या बाबतीत घाई करायची नसते, आई." मग मला पलंगावर उताणी झोपवलं, स्वतः डोक्याशी बसली आणि दोन्ही तळवे माझ्या डोक्याखाली सरकवले. हात कोमट होते.

"डोकं माझ्या हातात सोडा."

"सोडलंय की."

"नाही सोडलं. अजून तुम्हीच धरून ठेवलंय."

मी म्हणणार होते, मला शिकवू नकोस. पण बघते तर खरंच, मान ताठ, दात आवळलेले. झोपले होते, तरी डोकं स्वतःच उचलून धरलं होतं. मी सोडायला गेले तर सोडताच येईना. नांगराच्या बैलाचं जू काढल्यावरही तो तसाच उभा राहतो, तसं माझं झालं होतं. ती घाई करत नव्हती. एकदा म्हणाली, "जड आहे, असू दे, मी धरलंय." आणि कधी कोण जाणे, डोकं तिच्या हातात गेलं. स्वतःच्या डोक्याचं वजन मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आईनं न्हाऊ घालताना धरलं असेल तेवढंच, त्यानंतर कुणी ते असं दोन्ही हातांत घेतलं नव्हतं.

तिनं माझी हनुवटी छातीकडे वाकवली आणि डोकं अलगद डावीकडे वळवलं. सहज गेलं. उजवीकडे वळवलं तर मध्येच थटलं. दाराआड पोतं ठेवलं असावं आणि दार अर्धंच उघडावं, तसं. मला हे माहीतच नव्हतं. आपलं दार अर्धंच उघडतं, हे नऊ वर्षं माहीत नव्हतं.

मग तिनं कवटीच्या खाली, उजव्या बाजूला, एक बोट ठेवलं. जोर किती? मणी पिकलाय का बघताना लावतो तेवढा. आणि माझ्या उजव्या डोळ्याच्या मागे कळ उठली.

मी ओरडले. बोट मानेवर होतं आणि कळ डोळ्यात होती. तीच कळ. माझी, ओळखीची, नऊ वर्षं पोसलेली.

"ही तीच का, आई? का वेगळी आहे?"

"तीच! तुला कशी गावली?"

"आता हलू नका. थांबू आपण."

बोट तिथेच होतं. ती दाबत नव्हती, चोळत तर मुळीच नव्हती. बोट नुसतं थांबलं होतं, आणि मधूनच भाताच्या दाण्याएवढं पुढं-मागं होत होतं. मी डोळे मिटून त्या कळीकडे बघत होते. ती आधी होती तशी राहिली. मग थोडी मागे सरकली. मग डोळ्यातून कानामागे आली, तिथून मानेत उतरली, आणि बोटाखाली येऊन नाहीशी झाली. ज्या वाटेनं चढायची त्याच वाटेनं उतरली. मला भीती वाटली, हे मी खरं सांगते. देवळात अंधाऱ्या गाभाऱ्यात एकटंच उभं राहिल्यावर वाटते, तशी. माझ्या देहात इतकी वर्षं काहीतरी चाललं होतं, त्याचा मला पत्ता नव्हता, आणि ह्या तिशीच्या आतल्या पोरीच्या बोटाला तो होता.

"हे काय केलंस तू?" मी विचारलं.

"मानेच्या वरच्या सांध्यांची खबर आणि डोळ्याची, कपाळाची खबर मेंदूत एकाच जागी पोचते," ती म्हणाली. "त्यामुळे मेंदू फसतो. दुखत असते मान, त्याला वाटतं डोळा दुखतोय. तुमचं डोकं चांगलं आहे, आई. मान थकली आहे."

मी तिच्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. नखं कापलेली, बोटं बारीक, उजव्या हाताला चुलीचा जुना चटका. ह्याच हातांना मी चोळणारी म्हणत होते. जे म्हणायचं होतं ते माझ्या तोंडाच्या सवयीचं नव्हतं.

एका दिवसात सगळं गेलं असं नाही. आठवड्यातून दोनदा ती मान धरायची. टॉवेलची कड मानेला लावून, ती ओढत डोकं वळवायचा व्यायाम तिनं शिकवला. मालक म्हणायचे, "दिवसातनं चारदा टावेल घिऊन बसती, आंगुळ एकदाच करती." झोपून हनुवटी हळूच आत घ्यायची, हाही व्यायाम होता. त्यात काही होत नाही असं वाटतं आणि दहाव्या वेळेला घाम फुटतो. मध्ये दोनदा कळ परत आली. पहिल्यांदा मी नूतनवर खेकसले, दुसऱ्यांदा टॉवेल घेतला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बागेत गेले आणि एका वेलाच्या सगळ्या काड्या मोजल्या. मग शेजारच्या वेलाच्या. मग अख्खी ओळ. ओळीच्या टोकाला पोचल्यावर ऋषीला फोन लावला आणि सांगितलं, "छाटनीची मानसं सांग."

डिसेंबरात थिनिंग लागलं. हिराची टोळी टेंपोनं आली, हिरा धरून अकरा जणी. हिरा धनगराची, चाळिशीची, कात्री चालवण्यात तिचा हात धरणारी तालुक्यात नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ती खांबाला टेकून बसलेली, पदर कपाळाला आवळून बांधलेला, डोळे मिटलेले. त्या बसण्याला मी ओळखत होते. रविवार होता, नूतन घरी होती. मी तिला बोलावलं.

ती आली आणि हिराकडे न जाता ओळीच्या तोंडाशीच उभी राहिली. बघतच राहिली.

"बगतीस काय? हिकडं ये की," मी म्हटलं.

"आई, जरा सगळ्यांच्या माना बघा."

मी बघितलं. दहा बायका मांडवाखाली उभ्या होत्या. दहा माना मागे टाकलेल्या, दहाच्या दहा उजवीकडे वळलेल्या, जणू त्या बाजूनं कुणी हाक मारली होती. हे दृश्य मी वीस वर्षं बघत आले होते आणि दरवेळी माझी छाती फुगली होती.

नूतननं सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी डोकं कुणाचं दुखतं?"

मग एकीनं हात वर केला, मग दुसरीनं. हिरा धरून नऊ जणी निघाल्या. प्रत्येकीकडे आपापलं कारण तयार होतं. एक म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला. दुसरी म्हणाली, नवऱ्यानं पाट फेकून मारला व्हता तवापासनं. तिसरी दबक्या आवाजात म्हणाली, "माजं देवीचं हाय, त्येला इलाज न्हाई." नूतन प्रत्येकीला पालथ्या क्रेटवर बसवत होती, तेच प्रश्न विचारत होती आणि मग मागे उभी राहून कवटीखाली बोट ठेवत होती.

"आगं बया, हितंच!" पहिली किंचाळली. "डोळ्यात आली की गं!"

"हितंच!" दुसरी म्हणाली.

सात जणींच्या मानांवर ते बोट थांबलं आणि साती जणींचा हात आपोआप उजव्या डोळ्याकडे गेला. उरलेल्या दोघींना नूतन म्हणाली, तुमचं दुखणं वेगळं आहे, तुम्ही मोठ्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते. देवीचं म्हणणारी त्या सातांतलीच होती. ती नुसती रडत होती. बाकीच्या एकमेकींकडे बघत होत्या. कात्र्या थांबल्या होत्या. ज्या दुखण्याला ह्या बायका आपापलं नशीब म्हणून, एकमेकींना न सांगता, अंधारात घेऊन बसत होत्या, ते सगळ्यांचं एकच होतं. आणि ते माझ्याकडून गेलेलं होतं.

हिरानं डोळे उघडले. "काकी, तुमीच सांगितलंय ना," ती म्हणाली, "घड फिरवायचा न्हाई." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. ती फक्त आठवण काढत होती.

"म्याच सांगितलं," मी म्हटलं. "चुकलं माजं. लई चुकलं."

एवढं बोलायला मला किती जड गेलं ते मालकांना कळलं असावं. ते पाण्याचा हंडा घेऊन आले होते, तो खाली ठेवून तसेच उभे राहिले. छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनीही ऐकलं नव्हतं.

नूतन म्हणाली, "घड फिरवू नकाच. पण पाय तर फिरवता येतात ना? घडाच्या भोवतीनं चाला. आणि क्रेट पालथं घालून त्यावर उभ्या राहा, म्हणजे घड डोळ्यासमोर येईल, मान मागे टाकावी लागणार नाही." इतकं साधं. बायका क्रेटवर चढल्या, एकमेकींना बघून हसायला लागल्या. मला हसू आलं नाही.

कारण हिरानं मघाशीच नूतनला विचारलं होतं, "मंग माज्या आयचं बी हेच आसंल का?"

हिराची आई बानूबाई. एके वर्षी तिचे लोक आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला आले आणि ती मागे राहिली. माझ्या बागेत कात्री धरलेली ती पहिली बाई. घड फिरवायचा नाही, हे मी पहिल्यांदा तिला सांगितलं. दहा-बारा सालं तिनं ते पाळलं, मग हळूहळू यायची बंद झाली. कपाळ धरून बसायची. तेव्हा मला डोकेदुखी माहीत नव्हती. मी बायकांसमोर म्हटलं होतं, "म्हातारीनं सोंग घेतलंय." हे शब्द तिच्या कानावर गेले असणारच, कारण मी ते हळू म्हटले नव्हते.

त्या संध्याकाळी मी ऋषीला सांगितलं, "ह्यो माल गेला की जेसीबी बोलव. बाग काडून टाकू."

"आता? आता तर तुला वर बगता येतंय."

"म्हनूनच," मी म्हटलं. दोन एकर बाग वाचवायला मी तीन महिने टॉवेल ओढला होता. पण रात्रीच्या जेवणाला मांडवाकडे पाठ करून बसले. मला ती बाग बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नूतन दवाखान्याला निघायच्या आत, हिरा आईला गावातल्या एका पोराच्या मोटारसायकलवर मधे बसवून घेऊन आली. बानूबाई पंचाहत्तरीची, वाळून काडी झालेली, डोळ्यांवर पदर ओढलेला. उन्हाची तिरीप चुकवत ती मांडवाखाली आली. घरात जाऊ म्हटलं तर नको म्हणाली. मग मी पोती पसरली, वर वाकळ टाकली. नूतननं बराच वेळ विचारपूस केली, नाडी बघितली, आणि हिराला स्पष्ट सांगितलं, "हाडं नाजूक झालीत. मी फार हलक्या हातानं करणार. सगळं जाईल असं कबूल करत नाही."

बानूबाई आडवी झाली तेव्हा पदर सरकला. तिच्या उजव्या कानशिलावर चार डाग होते. तापलेल्या सळईचे, गोल, एकाखाली एक. मेंढराला देतात तसे माणसालाही देतात, दुखतं त्या जागेवर. तिनं चार वेळा ते सोसले होते, आणि चारही वेळा जागा चुकली होती. मी नजर खाली घातली.

मग नूतननं ते डोकं तळव्यांत घेतलं. "सोडा, आजी." माझ्यापेक्षा बानूबाईला ते लवकर जमलं. बोट मानेवर गेलं, म्हातारीच्या तोंडून बारीक हुंकार आला, हात डोळ्याकडे गेला. मला माहीत होतं आता काय चाललंय. कळ कानामागे आली असेल, आता मानेत उतरली असेल. बानूबाईच्या कपाळाच्या आठ्या एक एक करून सैल होताना मला दिसत होत्या. हिरा तोंडात पदर धरून उभी होती. बायका क्रेटवरून उतरून गोळा झाल्या होत्या.

मी तिच्या कानाशी वाकले. "बानूबाई, म्या तुज्या दुखन्याला सोंग म्हनलं व्हतं. माज्यामुळंच झालं हे. बाग मी काडून टाकनार हाय."

तिनं डोळे उघडले. डोकं नूतनच्या हातांवर होतं, त्यामुळे मान वर करावी लागतच नव्हती. नुसते डोळे उघडले की समोर मांडव होता, आणि सबंध मांडवभर घड. कितीतरी सालांनी ती ते बघत होती. बघता बघता तिची नजर एका जागी थांबली आणि बारीक झाली. ती नजर मी ओळखत होते.

"साळुबाई," ती म्हणाली, "डोस्क्यावरला ह्यो घड कुनी केलाय? दाट ठिवलाय. सडंल त्यो. वरल्या दोन पाकळ्या काड."

तो घड मी केला होता. मी क्रेट ओढलं, वर चढले, घडाच्या पलीकडच्या बाजूला वळले आणि दोन पाकळ्या काढल्या.

"आनिक येक."

मी आणखी एक काढली.

"हां," बानूबाई म्हणाली. "आता पल्याडला बग. त्यो बी तसाच हाय."